पहिली टाळी

१

हुसैनमियाँच्या अंगणातलं आंब्याचं झाड कोणीतरी कापून नेलं होतं.

नुसतं कापलं नव्हतं, नेलंही होतं. एक फांदी मागे राहिली नव्हती, एक पान नाही. वीतभर उंचीचा खुंट तेवढा उरला होता आणि त्याच्याशेजारी खुर्ची टाकून, आदल्या रात्रीच गावाहून परतलेले हुसैनमियाँ गप्प बसले होते.

उन्हाळ्याची सुट्टी संपवून आमची मराठी कुटुंबं नुकतीच मस्कतला परतली होती. मुलांच्या संस्कारवर्गाचा तो पहिला शनिवार. मदिनत सुलतान काबूस भागातल्या मियाँच्या बंगल्यात हा वर्ग भरतो. मियाँ मूळचे रत्नागिरीजवळचे, मस्कतच्या जुन्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे. त्यांची बायको, सुरैयाभाभी, वारल्यावर "घर खायला उठतं, पोरं आली तर बरं" म्हणून त्यांनी दिवाणखाना देऊ केला. आंबा भाभींचाच. हापूसचं कलम ओल्या गोणपाटात गुंडाळून, विमानात मांडीवर घेऊन त्या आल्या होत्या. वर्षानुवर्षं नुसता पाला. यंदा पहिल्यांदा मूठभर आंबे धरले, तर ते बघायला भाभी नव्हत्या. जूनमध्ये गावी निघण्याआधी मियाँनी ते चिरून वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या हातावर एकेक फोड ठेवली होती. स्वतः कोय चोखली होती.

"यात शोधायचं काय आहे?" देविका म्हणाली. ती शेजारच्या बंगल्यात राहते, बंटीची आई. या झाडावरचे कावळे तिची पांढरी गाडी रंगवतात म्हणून दर शनिवारी कुरकुरणारी हीच. "करवत कोणाकडे असते? ओवेसकडे. फाटकाशी कोण राहतं? ओवेस."

ओवेस तिथेच उभा होता. दापोलीकडचा मुलगा, बंगल्याच्या मालकाकडे, म्हणजे अर्बाबकडे, कामाला. आवारातल्या सगळ्या बंगल्यांची देखभाल तोच करतो. "भाभी, मी गुरुवारी आलो रुस्ताकच्या बागेवरून. झाड तवाच नव्हतं. मला वाटलं, चाचांनीच काढवलं."

"गुरुवारी नव्हतं कसं?" हा माझा नवरा, अजिंक्य. "बुधवारी मी स्वतः पाणी घातलं त्याला. उभं होतं की."

अजिंक्यने म्हटलं म्हणजे संपलंच. दर उन्हाळ्यात जो कोणी मागे राहतो त्याच्याकडे सगळ्यांच्या घरच्या किल्ल्या सोपवायच्या आणि त्याने सगळ्यांची झाडं जगवायची, ही आमच्यातली जुनी रीत आहे. यंदा अजिंक्यला रजा मिळाली नाही. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून तो दोन महिने मस्कतमध्ये एकटा राहिला. परतल्यावर जो तो त्याला चिवडा आणि बाकरवडी देत होता. देविकाचा कढीपत्ता तर म्हणे नवा आणल्यासारखा तरारला होता. आमच्या बाल्कनीतली तुळसही गच्च झाली होती, फक्त पानं जरा काळपट वाटली. उन्हाने झाली असतील, असं मला वाटलं.

"अर्बाबला सांगा आणि याला घरी पाठवा," देविका म्हणाली. इतर पालकांनी माना डोलावल्या. ओवेसचं लग्न ठरलेलं होतं. चोरीचा शिक्का घेऊन परत आलेल्या मुलाला मुलगी कोण देणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं, आणि तरी माना डोलत होत्या.

मियाँ प्रथमच बोलले. "अर्बाब पुढच्या शनिवारी येणार हाय. तवर कोणी त्याला कायच सांगू नका. यशश्री, तू तपासाचं काम करतंस ना? बघ जरा."

मी कुरुममधल्या एका विमा कंपनीत गाड्यांच्या अपघातांचे दावे तपासते. लोक खोटं बोलतात म्हणून माझी नोकरी टिकून आहे. मी हो म्हटलं, आणि एवढ्यात अजिंक्यने आतून हाक मारली, "चला मुलांनो, आजचा धडा आपोआपच मिळाला!"

२

अजिंक्य एका कंपनीत माणसं घडवतो. म्हणजे प्रशिक्षण देतो. या वर्षी त्याने वर्गासाठी विषय घेतला होता, 'अमेरिका उभारणाऱ्या पिढीचं लिखाण आणि आपण'. फळ्यावर त्याचं आवडतं वाक्य कायम लिहिलेलं असे. त्या पिढीतल्या एकाने आपल्या शाळकरी भाच्याला पत्रातून केलेला उपदेश होता तो: कोणाला कधीच कळणार नाही असं काम करतानाही, सारं जग आपल्याकडे बघतंय असं समजून वाग.

"पण बाबा," आमची रेवा म्हणाली. ती नववीत आहे आणि या वयाला साजेशी तिखट आहे. "हे लिहिलं तेव्हा त्याच्या घरात स्लेव्ह्ज होते. They were watching, ना? ते जगात येत नाहीत का?"

"चांगला प्रश्न आहे, नंतर घेऊ," अजिंक्य म्हणाला. त्याने दुसरी गोष्ट सुरू केली. त्या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष लहान असताना त्याने वडिलांचं आवडतं झाड कुऱ्हाडीने तोडलं, विचारल्यावर खरं सांगितलं, आणि वडिलांनी रागावण्याऐवजी त्याला पोटाशी धरलं.

"ती स्टोरी फेक आहे," रेवा म्हणाली. "तो मेल्यावर कोणीतरी बनवली. त्याने स्वतः कुठेच लिहिलेली नाही."

"तात्पर्य तर खरं आहे ना?" अजिंक्य हसला. मग तो मुलांकडे वळला. "हुसैनचाचांचं झाड ज्याने कोणी तोडलं असेल, त्याने उभं राहून सांगावं. कोणीही रागावणार नाही. उलट आपण सगळे त्याच्यासाठी टाळ्या वाजवू."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. दाराशी उभे असलेले पालक गालातल्या गालात हसले. आणि मागच्या रांगेतून बंटी उठला.

"मी," तो म्हणाला. "मी कापलं."

३

मग एक टाळी वाजली. अजिंक्यची. तो पुढे झाला, बंटीला जवळ घेतलं, आणि मग सगळा दिवाणखाना टाळ्यांनी भरून गेला. देविकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही वाजवल्या.

ओवेस सुटला होता. बंटी नऊ वर्षांचा, त्याला कोण काय करणार? सगळं छान मिटलं होतं. एकच गोष्ट मला टोचत राहिली. हा माझा नवरा, दुधाची पिशवी फुटली तरी कधी, कशी, कोणाच्या हातून, अशी उलटतपासणी घेणारा. त्याने बंटीला एकही प्रश्न विचारला नाही.

मुलं खाऊ खात असताना मियाँनी बंटीला बाजूला घेतलं. त्याच्या केसांतून हात फिरवत त्यांनी सहज विचारलं, "आंबा कापलास तर चीक नाय लागला तुका? हात नाय भाजलं?"

"चीक म्हणजे what?" बंटी म्हणाला.

त्याचे हात स्वच्छ होते, गुळगुळीत. आंब्याला कोयता लागला की चीक उडतो आणि कातडी पोळते, हे कोकणातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. मियाँनी त्याला खाऊकडे पाठवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"पोरगा खोटा बोलतो," ते हळूच म्हणाले. "पण त्याला खोटा पाडलास, तर ओवेस परत अडकला. कळतंय ना, बेटी?"

४

दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर मी देविकाकडे गेले. तिने बंटीचा फोटो आधीच व्हॉट्सॅपच्या स्टेटसला टाकला होता. 'प्रामाणिकपणाचे संस्कार', खाली हात जोडलेले.

"कधी कापलं गं त्याने?" मी विचारलं.

"आम्ही पुण्याहून आलो बुधवारी संध्याकाळी. मी बॅगा उपसत बसले होते, तेवढ्यात केलं असेल." मग तिचा सूर बदलला. "तू कशाला खोदतेयस? मिटलंय ना आता?"

तिनेच कापलं असेल आणि पोराला पुढे केलं असेल, असं माझ्या मनात येऊन गेलं. कावळे होते, गाडी होती. पण पोटच्या पोराचं पाप स्टेटसला टाकून मिरवणारी बाई काही लपवत असेल असं वाटेना. खरोखरच तिचा ऊर भरून आला होता.

ओवेस पंपाच्या खोलीबाहेर बसला होता. मी करवत मागितली. त्याने रिकामा खिळा दाखवला.

"करवत रुस्ताकलाच राहिली, भाभी. अर्बाबच्या खजुरीच्या बागेत. उन्हाळाभर मी तिथंच होतो, खजूर उतरवायला. शनिवारी सांगणार होतो मी. पण तिथं कोणी विचारलंच नाय."

मी अर्बाबच्या मुलाला, हसनला, फोन लावला. मियाँ मालकाबद्दल बोलले होते, मुलाबद्दल नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. झाडाचं नाव काढलं नाही, करवत हवी होती एवढंच म्हटलं.

"ओवेस का करवत? वो इधर ही है, मज़रा में, खजूर के बाग में, मेरे सामने लटका है," हसन म्हणाला. "ओवेस पूरा गर्मी मेरे साथ था, गुरुवार को मैं खुद छोड़ के आया. भेज दूँ? माफी मुश्किल, कोई दिक्कत नहीं."

फोन ठेवला आणि मला स्वतःचीच लाज वाटली. असा फोन शनिवारी तिथल्या कोणीही करू शकलं असतं. आम्ही सगळी शिकलेली माणसं माना डोलवत बसलो होतो.

तरी एक अडचण उरत होती. बुधवारी झाड उभं होतं आणि शनिवारी नव्हतं. करवत रुस्ताकला असली तरी ओवेस गुरुवारपासून इथेच होता, आणि करवती काय, कुठल्याही दुकानात मिळतात. बुधवार खरा असेल तर ओवेस सुटत नव्हता.

५

बंटी आवारात एकटाच भिंतीवर चेंडू मारत होता.

"कशाने कापलंस रे?" मी विचारलं.

"सॉ ने. ओवेसभैयाचा सॉ, पंपरूममधला."

"तो तिथे नाहीये. सगळा उन्हाळा नव्हता."

चेंडू त्याच्या हातात राहिला. "मावशी, तू अर्बाबला सांगणार? मग ते ओवेसभैयाला सेंड करतील."

"म्हणून तू सांगितलंस?"

"हो. अजिंक्यकाका म्हणाले, सांगितलं की कोणी रागावत नाही. मी छोटा आहे ना, so मला तर कोणीच रागावणार नाही."

"पण ते खरं नव्हतं, बंटी."

"I know," तो म्हणाला. "पण खरावाला कोणी सांगतच नव्हता. मी वेट केलं. खूप वेट केलं."

मला त्याच्याकडे बघवेना. मी फाटक उघडून मियाँच्या अंगणात गेले आणि खुंटाजवळ उकिडवी बसले. शनिवारी गर्दीत मी त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. अपघाताच्या गाडीकडे बघते तसं आता बघितलं.

ताजा कापलेला आंबा आतून पिवळसर असतो. हा राखाडी झाला होता. उन्हाने त्याला चिरा पडल्या होत्या आणि चिरांत धूळ घट्ट बसली होती. एका बाजूला कोळ्याने जाळं विणून, वापरून, सोडूनही दिलं होतं. हे दोन-चार दिवसांचं काम नव्हतं, झाड कापून कितीतरी आठवडे झाले होते. मी सालीवर बोट फिरवलं. चिकाचा काळा ओघळ कुठेच नव्हता. जिवंत आंबा कापला तर चीक गळतो, वाळतो, डाग सोडतो. म्हणजे कापलं तेव्हा झाड मेलेलंच होतं. फांद्या आणि पानं का नेली तेही मग उलगडलं. पानं करपलेली होती, आणि ती कोणी बघायला नको होती.

इतके आठवडे मागे गेलं की ओवेस रुस्ताकला होता. देविका आणि बंटी पुण्यात होते. मियाँ रत्नागिरीला. मी आणि रेवा माझ्या माहेरी.

मस्कतमध्ये एकच माणूस होता. आणि बुधवारी झाड उभं होतं, असं सांगणाराही तोच.

६

घरी अजिंक्य जेवायला बसला होता. मी सरळ बाल्कनीत गेले आणि तुळशीची एक काडी तोडून आणली. देठ जांभळा होता.

"मी जाताना हिरवी तुळस ठेवून गेले होते," मी म्हटलं. "आईने दिलेल्या बियांची. ही कुठल्या नर्सरीतली?"

त्याने घास खाली ठेवला. ताटाकडे बघत राहिला.

"देविकाचा कढीपत्ताही नवा ना?"

"हो," तो म्हणाला. "सगळ्यांच्याच कुंड्या बदलल्या. कुंड्या मिळतात गं."

"आंबा मिळत नाही."

"जूनमध्ये दोनदा गेलो होतो. मग ऑफिसची गडबड होती. बाहेर पाऊल टाकवत नव्हतं अशा उन्हात. तिथे जाऊन पंप लावायचा, तासभर थांबायचं. रोज म्हणायचो, उद्या जाऊ. एक दिवस गेलो तर पानं कडकडीत वाळली होती. पाणी घातलं, यशू. खूप घातलं. काही झालं नाही."

"मी रोज फोनवर विचारत होते."

"पहिल्यांदा हो म्हणालो तेव्हा वाटलं, उद्या घालूच की. मग रोज तेच म्हणत गेलो. चाचांनी येऊन वाळलेलं झाड बघितलं असतं तर त्यांना कळलं असतं की कोणाच्या हलगर्जीपणाने गेलं. कापलेलं दिसलं तर कोणीतरी कापलं, एवढंच राहतं. ओवेसवर येईल हे माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं."

"आलं तेव्हा तर डोक्यात होतं? बुधवारी उभं होतं, असं तू म्हणालास."

त्याने ताट बाजूला सरकवलं.

"मुलांना कबुली द्या म्हणून का सांगितलंस?"

"मला वाटलं कोणी उठणार नाही. विषय तिथेच संपेल."

"आणि बंटी उठला तेव्हा?"

आतल्या खोलीच्या दारात रेवा उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे.

"बाबा, you clapped," ती म्हणाली. "पहिली टाळी तुमची होती."

लग्नाला सोळा वर्षं झाली. या माणसाची मला लाज वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि ती मेली लाज त्याच्यापुरती थांबतही नाही, माझ्याही अंगावर येते. विहिरीत उडी घ्यावी तर मस्कतमध्ये विहीरही नाही.

"शनिवारी अर्बाब येणार आहेत," मी म्हटलं. "त्यांच्यासमोर, मुलांसमोर तू सांगशील. नाहीतर मी सांगेन."

७

शनिवारी दिवाणखाना भरला होता. मियाँच्या शेजारी अर्बाब कॉफीचा छोटा पेला हातात धरून बसले होते. त्यांना काय चाललंय ते नीटसं माहीत नव्हतं. पालक दाटीवाटीने उभे. ओवेस पाण्याचे ग्लास वाटून दाराला टेकला होता. त्याला मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं की तुझं नाव निघणार नाही. कोणाचं निघणार ते सांगितलं नव्हतं.

अजिंक्य फळ्यासमोर उभा राहिला. भाच्याला लिहिलेल्या पत्रातलं वाक्य तिथे अजून होतं. त्याने ते पुसायला डस्टर उचलला, आणि न पुसताच ठेवून दिला.

"झाड बंटीने कापलं नाही," तो म्हणाला. "ओवेसनेही नाही. मी कापलं. त्याआधी मी ते मारलं. मला पाणी घालायला सांगितलं होतं, मी घातलं नाही. कोणी बघत नव्हतं म्हणून घातलं नाही. मग बुधवारचं खोटं बोललो. ओवेसला तुम्ही बोललात तेव्हा मी ऐकत होतो. बंटीने माझा दोष स्वतःवर घेतला तेव्हाही मला माहीत होतं. मी गप्प बसलो."

एवढं बोलून तो थांबला. त्याला मियाँकडे बघायचं होतं, पण मान वर होईना. मियाँ डोळे मिटून बसले होते. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर हळूहळू फिरत होती, झाडाच्या सालीवरून फिरावीत तशी. देविकाने बंटीला पोटाशी ओढलं होतं आणि ती ओवेसकडे बघायचं टाळत होती. पालकांपैकी एकही वर बघत नव्हता.

त्या शांततेत पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीने टाळी वाजवली.

खरं सांगितलं की टाळ्या वाजवायच्या, असं तिला शिकवलं होतं. मग तिच्या शेजारच्याने वाजवली, मग पूर्ण रांगेने. बंटीने आईच्या कुशीतून हात सोडवून घेतले आणि तोही वाजवायला लागला, मनापासून, मोठ्याने, कारण अखेर खरावाला कोणीतरी बोललं होतं.

"नको," अजिंक्य म्हणत होता. "अरे, नको. थांबा रे." त्याने हात वर केले. मुलांना ते कौतुकासारखं वाटलं आणि टाळ्या वाढल्या. मराठी न समजणारे अर्बाबही हसून मान हलवू लागले.

रेवाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. मीही.

दाराशी ओवेस भांबावून सगळ्यांकडे बघत होता. एवढी सगळी माणसं टाळ्या वाजवत असताना आपणच हात बांधून उभं राहणं बरं दिसणार नाही, असं त्याला वाटलं असावं. त्याने रिकामा ट्रे काखेत धरला आणि माझ्या नवऱ्यासाठी तोही टाळ्या वाजवू लागला.